भिंतीतली आई

चंद्रावरच्या तळावर चौदा महिने काम करून मृणाल घरी परतली, तेव्हा तिची जुई दीड वर्षाची झाली होती आणि नुकतीच बोलू लागली होती.

"जुई, ये गं सोनू!" मृणालने दारातूनच हाक मारली.

जुईचा चेहरा फुलला. दुडुदुडु धावत ती निघाली, पण मृणालकडे नाही, समोरच्या भिंतीकडे. तिथल्या यंत्राच्या जाळीला गाल लावून ती म्हणाली, "आई!"

लेकीने आपला आवाज विसरू नये, म्हणून जाण्याआधी मृणालनेच तो त्या यंत्राला शिकवला होता. जुईला निजवायचे तेच, बोलायला शिकवायचेही तेच.

"बंदच करतो आता ते," तिचा नवरा शिरीष ओशाळून म्हणाला.

"नको रे," मृणाल कुजबुजली. "आई कुठे गेली म्हणून सांगशील तिला?"

मग ती चकार शब्द न काढता जमिनीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने जुई जवळ आली. या नव्या पाहुणीचे बोट धरून तिने तिला भिंतीपाशी नेले आणि ओळख करून दिली, "आई."

मृणालला राहवले नाही. "हो गं राणी, आई," ती म्हणाली.

जुई भिंतीकडे पाहून खुदकन हसली.