किल्ली कुलपालाच

प्रमिलाकाकू बातम्या बघत होत्या, तेवढ्यात टीव्हीवर कुणाचं तरी बारसं सुरू झालं. आत्या पाळण्यावर वाकली. आता ती कानात कुर्र करून बाळाचं नाव सांगणार, इतक्यात काकूंच्या मुलाने टीव्हीच बंद केला.

“शेजाऱ्यांपैकी कुणीतरी पुन्हा आपल्याच टीव्हीला फोन जोडला! एवढ्या घरांच्या टॉवरमध्ये हे असंच होणार. आता कोड लावतो. तो टाकल्याशिवाय कुणाचा फोन जोडला जाणार नाही. भरवशाच्या माणसांनाच सांग हं, आई.”

भरवशाची माणसं! काकूंना पोलीस लाईनीतले दिवस आठवले. अख्ख्या लाईनीत टीव्ही फक्त त्यांच्याकडे. रविवारी सिनेमाला दारात चपलांचा ढीग पडायचा, कुणाचंही पोर कुणाच्याही मांडीवर झोपायचं. टीव्हीच्या लाकडी शटरला कुलूप होतं खरं, पण काकांनी किल्ली कायम कुलपालाच ठेवलेली.

सकाळी ऑफिसला निघालेला मुलगा दारातच थबकला. उंबऱ्याबाहेर रांगोळीचं मोठं कमळ होतं आणि कमळाच्या मधोमध टीव्हीचा कोड.

“आई, अगं हे काय!”

“असू दे रे,” हाताची रांगोळी झटकत काकू म्हणाल्या. “बाळाचं नाव ऐकायचं राहिलंय.”