मिठागरातला हेर

परेशच्या गेममध्ये बंदुकीत एकच गोळी होती. उरणच्या मिठागरात, टॉवेलने तोंडं झाकलेली अकरा माणसं बांधावरून चालत जायची. त्यातले दहा गाववाले, एक बाहेरून आलेला हेर. तो नुसत्या चालीवरून ओळखायचा आणि गोळी झाडायची.

गेम तपासायला त्याने आईलाच बसवलं. कृष्णाबाईचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. ती सात डाव खेळली आणि सातही हरली. हेर अगदी समोर आला की ती बंदूक बाजूला घ्यायची आणि भलत्यालाच उडवायची.

परेशला संशय आला. हेर समोर आला की नेमकी तेव्हाच बंदूक कशी वळते? हिला कुणी आधीच सांगितलं की काय?

"आये, हेर कोन ते तुला ठाव हाय ना? मुद्दाम सोडतेस त्याला?"

"त्याला कशाला मारू? तो एकटाच आपला हाय. तुझ्या बापासारखा बांधाकडं न बघता चालतो. बाकीचे बघ, पाय चाचपत टाकतात. सगळे बाहेरचे."

परेशने गेम बंद केला. हेराच्या चालीसाठी त्याने बाबांचं चालणं मोबाइलवर टिपून घेतलं होतं. उरलेल्या दहा गाववाल्यांना त्याने स्वतःची चाल दिली होती.