बाकावरची बाई

बाकावरच्या बाईने तिसरी गाडीही सोडली.

केया खुर्चीत पुढे सरकली. अमेरिकेत, सनीव्हेलमधल्या ऑफिसात संध्याकाळ होत होती आणि स्क्रीनवर, ओसाकातल्या एका चिमुकल्या स्टेशनवर, सकाळ. रस्त्यावर खांब उभारून वर बांधलेलं स्टेशन. दोन फलाट, एक बाक, पेयांचं एक मशीन, कर्मचारी एकही नाही. असल्या स्टेशनांवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवायचं आणि कोणी जीव द्यायला आलंय असं वाटलं तर तिथल्या स्टाफला कळवायचं, हे केयाच्या कंपनीचं काम. चित्र राखाडी, त्यात प्रायव्हसीसाठी सॉफ्टवेअर प्रत्येक चेहरा पुसून टाकायचं. अंदाज बांधायचा तो बसण्या-उठण्यावरून.

"जय, ही ट्रेन घेतच नाहीये यार," ती शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाली.

"वाट बघत असेल कुणाची. लास्ट वीकचा तुझा तो माणूस आठव. गर्लफ्रेंडला घ्यायला आला होता बिचारा, आणि तू स्टाफ पाठवलास."

केया ओशाळली. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताक फुंकणं आलं.

फोन थरथरला. आई. तिने कट केला. टूरवर गेल्यापासून आईचे फोन सारखे चालू होते. बसमधली शेजारीण घोरते, चहा मिळतो तोही बाटलीतला, थंडगार. बाबा गेल्यावर ती घरात बसून खंगत चालली होती, म्हणून केयानेच हट्टाने तिला एका मराठी ग्रुपबरोबर धाडलं होतं.

स्क्रीनवर बाईचा गालाशी धरलेला हात मांडीवर पडला. खांदे उतरले. रडत होती का? चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग.

चौथी गाडी आली आणि गेली. बाई उठली, पिवळ्या पट्टीपाशी गेली, वाकून रुळांच्या दिशेने बघत राहिली. केया खुर्चीतून अर्धवट उठली. मग बाई मागे फिरली, बाकावर बसली. हात पुन्हा गालाशी.

फोन पुन्हा थरथरला.

"आई, नॉट नाऊ!" केयाने कट केला. तिला त्या बाईच्या घरच्यांचा भयंकर राग आला. "जय, हिला कोणी विचारत नाही का रे? एवढ्या वेळात एक फोन तरी करावा माणसाने!"

"अलर्ट पाठवतेस?"

"पाठवते. बोलणी खाईन, पण पाठवते."

तिने बटण दाबलं. जवळच्या मोठ्या स्टेशनातून माणूस येईपर्यंत नुसतं बघत बसायचं. बाई परत उठली, परत पिवळ्या पट्टीपाशी. गाडी धडधडत आली आणि तिच्या आड फलाट दिसेनासा झाला. केयाने डोळे मिटून घेतले.

"केया, लुक," जय म्हणाला.

गाडी गेली होती. गणवेशातला एक माणूस बाईला बाकाकडे नेत होता. त्याने तिला बसवलं आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. केयाला रडूच कोसळलं. वाचली!

फोन थरथरला. या वेळी तिने डोळे पुसत उचलला.

"सॉरी आई, अगं एक इमर्जन्सी..."

"किती फोन केले गं!" आईचा आवाज कापत होता. "सगळे गाडीत चढले, मी खालीच राहिले. चुकलं की जागचं हलायचं नाही, तुला शिकवलं होतं ना लहानपणी? तशी बसलेय केव्हाची बाकावर. आता कुठला टोपीवाला साहेब आलाय, माझा हातच सोडत नाही. त्याला सांग ना, मी बरी आहे म्हणून."