तिला दाखवलेली जीभ

महिनाभर नवरा ताटात अर्धं टाकून उठत होता. माझ्या हाताची चव गेली असेल म्हणून मी रोज तिखट वाढवत होते. आज एचआयव्हीच्या दवाखान्यात त्याच्या गोळ्या घेऊन वळले, तर हा बाकावर तोंड वासून बसलेला, आणि नेहमी रांगेत भेटणारी त्याची मैत्रीण मोबाइलचा टॉर्च मारून जीभ न्याहाळतेय. “बुरशी आहे ही, मलाही झाली होती. गोळ्या चुकवल्यास ना? डॉक्टरांना दाखव, आणि तिखट बंद.” हा मुकाट मान डोलावत होता. माझा नुसता जळफळाट झाला. डॉक्टरांना दाखवून औषध घेतलं. घरी आल्यावर मी दार लावलं आणि टॉर्च पेटवला. “आ कर.” “कशाला?” “तिला दाखवलीस. बायकोला दाखवायला लाज वाटते?” “ती बघून घाबरत नाही.” त्याने तोंड उघडलं. मी टॉर्च हलू दिला नाही.