ताटातूट झालेले भाऊ

घरात केबल आली आणि माझ्या नातीने, नीराने, हिंदी सिनेमातली पात्रं घेऊन फाशांचा खेळ बनवला. ज्याला जे पात्र मिळेल, त्याने तसं वागायचं. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, सुभानरावला, तिने जत्रेत ताटातूट झालेले भाऊ केलं.

प्रतापनगरच्या या एकाच घरात आम्ही नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

"सारखा आकडा पडला की गळाभेट," नात म्हणाली. "चला आजोबा, टाका!"

मला पाच पडले. त्यालाही पाच.

"आधी कोणी उठायचं?" सुभानरावने तिला विचारलं.

"ते नियमात लिहिलंच नाही."

"मग लिही की!" आम्ही एकदमच म्हणालो.

तिने पेन्सिल उचलली. "कोणाचं नाव लिहू?"

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.