लेकुरवाळ्या

नंदिनीने तिसरा पिंजरा उघडला. इथेही तेच. पांढऱ्या उंदरीच्या पाठीवर शिवलेलं काळ्या उंदराच्या कातडीचं ठिगळ सहाव्याच दिवशी वाळलं होतं, त्याची खपली झाली होती. दहा-बारा दिवस तरी ते टिकायला हवं होतं. संध्याकाळी संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना आकडे दाखवायचे होते. प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात येरझारा घालून तिचे पाय दुखायला लागले.

रक्ताची तपासणी तर आणखीच चक्रावणारी. या माद्यांच्या रक्तात काळ्या उंदरांविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं आधीपासूनच होती. ज्याच्याशी कधी गाठ पडली नाही, त्याच्याशी वैर कुठून आलं?

कवडूकाका पिंजऱ्यांतला भुसा बदलत होते. बावीस वर्षं या उंदरांचं खाणंपिणं त्यांच्याकडे. आज मात्र अर्धं लक्ष खिशातल्या मोबाइलवर होतं. त्यांच्या बायकोच्या, अनुसयाबाईंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. काका आपली एक द्यायला निघाले होते. रक्तगट जुळला होता, केळझरच्या गणपतीला नारळ कबूल करून झाला होता. दोघांचं रक्त एकत्र करून बघायची शेवटची तपासणी तेवढी उरली होती, तिचा रिपोर्ट आज कळायचा होता.

“काका, या माद्या न व्यालेल्याच होत्या नं? मी तशाच मागितल्या होत्या.”

काका कावरेबावरे झाले.

“खोटं काऊन सांगू, ताई? लेकुरवाळ्या देल्या म्या. तुमचं पयलंच काम. चांगल्या कामाले लेकुरवाळीच पायजे, म्हून.”

“आणि पिल्लं कोणापासून?”

“काळ्याच उंदरापासून.”

नंदिनीने कपाळावर हात मारला. पाच महिन्यांची मेहनत पाण्यात! शकुन बघायला काकांना हीच जागा सापडली! रागाच्या भरात ती काकांच्याच बोलीत बोलत सुटली.

“अहो, पिल्लात बापाचा अंश असते, काका. पोटात वाढवता वाढवता आईचं रक्त त्याले ओळखून ठेवते. मग त्याच बापाची कातडी लावली, का परकी म्हणून जाळून टाकते!”

काकांच्या हातातला भुसा तसाच राहिला. खिशातला मोबाइल वाजत होता. ते तो काढत नव्हते.

“ताई,” ते म्हणाले, “आमाले तीन लेकरं हायेत.”