सुनीतीचा बाप्तिस्मा

श्यामला कबरीवरचा क्रूस घासत होती आणि शांतवन हिवाळे शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसून ते बघत होते. ईस्टर तोंडावर आला होता. आपापल्या माणसांच्या कबरी धुऊनपुसून घ्यायला दफनभूमीत बरीच कुटुंबं आली होती. जाता-येता कोणीतरी "सलाम, पाळकसाहेब" म्हणे आणि ते मान हलवत. चर्चच्या पाळकपणातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघे गेले, झोप गेली, सहा महिन्यांपूर्वी पत्नी सुनीतीही गेली. मान तेवढी अजून सवयीनं हलत होती.

श्यामला म्हणजे सुनीतीची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडल्यावर ती मॉर्मन पंथात गेली. तिला तो शब्द आवडत नाही, म्हणून हिवाळे, म्हणजे तिचे दाजी, तिच्यासमोर 'तुझी मंडळी' म्हणत. तिच्या मंडळीत बायबलच्या जोडीला आणखी एक ग्रंथ मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव न मानता तिघं वेगळे मानतात. चहा पीत नाहीत आणि क्रूस लावत नाहीत. ग्रंथावरून आणि देवावरून दोघांनी पुष्कळ वाद घातला होता, कोणी तसूभर हललं नव्हतं. चहा आणि क्रूसाचं म्हणाल, तर श्यामला आत्ता क्रूसाच्या खाचेतली माती काडीनं काढत होती आणि दाजी तिनं आणलेला चहा पीत होते. स्वतः चाखायचा नाही म्हणून साखरेचा तिचा अंदाज नेहमी चुके. आजचा अगदी पाक झाला होता. चहाला नाव ठेवल्याशिवाय पुणेकराचा घोट घशाखाली उतरत नाही म्हणतात, पण दाजींनी मुकाट्यानं दुसरा कप ओतून घेतला.

"दाजी, पुढच्या महिन्यात मी मंदिरात जाणार आहे," ती म्हणाली.

"कुठल्या? पर्वतीवरच्या?"

ती हसली नाही, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तिच्या मंडळीचं मंदिर, परदेशातलं. तिथे काय चालतं हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. जिवंत माणूस मेलेल्याच्या नावानं पाण्यात उतरतो आणि मेलेल्याला बाप्तिस्मा मिळतो. आता ही काय विचारणार तेही कळलं, आणि एवढा थकवा आला की हातातला कप जड वाटला.

तिनं विचारलंच. नवरा हयात असेल तर त्याच्या होकाराशिवाय हे करत नाहीत, म्हणाली. ताईच्या नावानं मी उतरू का?

पूर्वी असतं तर दाजी ताडकन उठून गेले असते. बाप्तिस्मा एकदाच होतो, असं त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. आणि सुनीती तान्ही असताना तिच्या कपाळावर पाणी घातलं होतं ते या दोघींच्या वडिलांनी, आबांनी. नगर जिल्ह्यात सायकलवरून गावोगाव देवाचं वचन सांगत फिरलेला माणूस.

"आबांचा हात कमी पडला का गं?" त्यांनी विचारलं.

श्यामलाचे डोळे भरले. दुसऱ्या मंडळीतला बाप्तिस्मा तिची मंडळी धरत नाही, हे दोघांनाही पाठ होतं. ती ते बोलली नाही.

"आबांनी पाणी घातलं म्हणून तर मी देवाच्या वाटेला लागले," एवढंच म्हणाली.

दाजींना वाईट वाटलं. बोललो ते खरं, पण तिला लागेल असं बोललो. मग त्यांनी तिला समजुतीनं विचारलं, की एवढी घाई कशाला? आम्हाला मूलबाळ नाही. मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागे तुला अडवणारं कोण उरतंय?

"म्हणून तर आत्ता विचारते, दाजी. तुमच्यामागे केलं तर ती चोरी होईल."

नाही म्हणायचं ते ठरवूनच बसले होते. तेवढ्यात ती म्हणाली, की यात जबरदस्ती नसते. तिकडे, देवाघरी, ताईच्या मर्जीवर असतं. तिला नको असेल तर तिनं नको म्हणावं.

"नकोच म्हणेल ती."

"मग म्हणू दे ना."

पाठच्या बहिणीनं काही मागितलं आणि सुनीतीनं नाही म्हटलं, असं एकदाही झालेलं दाजींना आठवेना. त्यांना भीती वाटली. ती पाळकाची भीती नव्हती, नवऱ्याची होती.

"आणि हो म्हणाली तर?" ते म्हणाले. "मी तिकडे पोचल्यावर तिला शोधू कुठे?"

श्यामलाकडे याचंही उत्तर असणार. तिच्या मंडळीत सगळ्याची उत्तरं असतात. पण तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ओल्या फडक्यानं हात पुसले आणि म्हणाली, "राहू दे, दाजी. नाही करत."

ती पुन्हा कामाला लागली. सुनीतीच्या नावातली अक्षरं तिनं एकेक करून पुसली. दाजींनी उरलेला चहा संपवला, थर्मासचं झाकण लावलं आणि ते तसेच बसून राहिले. आसपासची माणसं हळूहळू पांगली.

"श्यामला," शेवटी ते म्हणाले, "मी गेल्यावर कर."

ती वळून बघत राहिली.

"दोघांना एकदमच विचार. माझं उत्तर 'नाही' असं आहे, ते तुझ्या मंडळीला आधीच सांगून ठेव. पण तिला विचारशील तेव्हा मी शेजारी असेन. ती काय म्हणते, ते मला ऐकू तरी येईल."